आमची वाटचाल : रामबागेतलं घर आणि भिंतीवरचे पट

फोनवर लोक विचारतात, “तुमचं वर्कशॉप कुठे आहे? बघायला यायचंय.” मी पत्ता देते आणि लगेच सांगून टाकते की वर्कशॉप म्हणजे आमचं इंदूरच्या रामबागेतलं राहतं घर. मधली खोली, जेवणाचं टेबल, गच्ची आणि जिन्याखालची जागा, जिथे पूर्वी सायकली असायच्या. आलात तर चहा मिळेल, जीरावन घातलेले पोहे मिळतील, पण बसायला खुर्ची रिकामी करून घ्यावी लागेल. तिच्यावर कोणाच्या तरी आजीची नऊवारी पसरलेली असते.

आम्ही भरतकाम केलेले भिंतीवरचे पट करतो. जुन्या साड्या, शेले, लुगडी, धोतरं आणि त्यांच्याबरोबर घराघरांत मागे राहिलेल्या वस्तू: पत्रं, बटणं, किल्ल्या, एखादा फोटो. कापड, दोरा, रंग, कागद आणि कधी धातूही. कलेच्या कॉलेजात आम्हाला हे मिक्स्ड मीडिया म्हणून शिकवलं होतं, पण तिथे टेबल माझं एकटीचं असायचं. घरात ते नसतं, आणि आमच्या धंद्याची बरीचशी गोष्ट त्यातच आली.

सुरुवात कतरनीपासून झाली. इंदूरला रेडीमेड कपड्यांचं काम मोठं, त्यात लहान मुलांचे फ्रॉक-सूट जास्त. कापणीनंतर उरलेली कतरन किलोवर विकली जाते. धाकटी शाळेत जायला लागली तेव्हा मी एका कारखान्यातून पोतंभर घेऊन आले. तिथला मास्टर म्हणाला, “भाभीजी, इसका पायदान भी नहीं बनेगा.” सासूबाईंचं माहेर बऱ्हाणपूरचं. त्यांनी पोतं उलटं केलं, पंख्याखाली बसून सुती आणि टेरीकॉट असे दोन ढीग केले आणि टेरीकॉटचा ढीग पायानं बाजूला सारला. त्यांच्या गोधड्या आमच्या नात्यात प्रसिद्ध आहेत. धावदोरा एवढा एकसारखा की पाठ कुठली आणि पोट कुठलं ते कळू नये. माझं रंगांचं शिक्षण आणि त्यांचा धावदोरा, एवढ्या भांडवलावर पहिले पट झाले.

टाकाऊतून चित्र करणं ही इंदूरच्या माणसाला नवलाची गोष्ट नाही. विष्णू चिंचाळकर गुरुजी याच गावचे. वाळकी पानं, काटक्या, मोडक्या वस्तू यांतून त्यांनी माणसं आणि पक्षी उभे केले. चित्रकार देवळालीकरांनी १९२७ साली इथे चित्रशाळा सुरू केली, तिथे ना. श्री. बेंद्रे शिकले, एम. एफ. हुसेन शिकले आणि गुरुजीही. आमच्या कामाचं नातं त्या परंपरेशी जोडण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. पण घरी चिंध्या जमवणाऱ्या सुनेला इथे कोणी वेड्यात काढलं नाही, याचं थोडं श्रेय मी गुरुजींना देते.

आता पट लहान चौकोनांचे का असतात ते सांगते, कारण प्रत्येक गिऱ्हाईक हे विचारतंच. बहुतेकांना वाटतं ही आमची ‘स्टाईल’ आहे. खरं कारण असं की घर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ सलग देत नाही. कुकर लावला की तो होईपर्यंत, मुलीचा क्लास सुटेपर्यंत, सासऱ्यांची दुपारची झोप होईपर्यंत. एवढ्या वेळात मोठ्या कापडावर बसलं तर ते पसरण्यात आणि आवरण्यातच वेळ जातो. म्हणून आम्ही तळहाताएवढे तुकडे धरले. एक तुकडा, एक सुई, दोन-तीन रंगांचे दोरे, सगळं एका डब्यात. बेल वाजली, डबा बंद. पट शेवटी हे तुकडे जोडून तयार होतो. जोडणी मात्र रात्रीच, टेबल पुसून झाल्यावर.

या तुकड्यावर पुढे सगळंच ठरत गेलं. गल्लीतल्या आणि मागच्या वस्तीतल्या बायका कामाला आल्या, त्याही आपापल्या घरी डबा नेऊन काम करतात. कोणाला सकाळी वेळ असतो, कोणाला रात्री. सुरुवातीला मजुरी आम्ही चौरस इंचावर ठरवली होती. एक दिवस त्यांच्यातल्या सर्वांत अबोल बाईंनी दोन तुकडे माझ्यापुढे ठेवले. एकावर साखळी टाका होता, दुसऱ्यावर नुसत्या गाठी. “ताई, दोन्ही एवढेच. पण हा दुपारी झाला आणि हा तीन दिवस पुरला.” त्यांचं म्हणणं इतकं बरोबर होतं की वाद घालायला जागाच नव्हती. तेव्हापासून दर टाक्यावर आहे: धावदोरा आणि उलटी टीप सर्वांत खाली, मग साखळी, मग काज टाका, गाठीचा टाका सर्वांत वर. दिवाळीच्या आधी दरपत्रक त्याच तयार करून आणतात, मी सही करते.

वेगवेगळे हात म्हणजे वेगवेगळा ताण, हा या पद्धतीतला खरा ताप. कोणाचा दोरा घट्ट बसतो, कोणाचा सैल, आणि शेजारी ठेवलेले दोन तुकडे मापात सारखे राहत नाहीत. उपाय पाण्याचा. सगळे तुकडे ओले करून, मऊ फळीवर न गंजणाऱ्या टाचण्यांनी मापात ताणून वाळवायचे. पाठीमागचं मांजरपाट आधीच धुऊन, आटवून घेतलेलं असतं, नाहीतर पुढे कधी दमट हवेत ते आटलं की वरचं भरतकाम सुरकुततं. रंग लावायचा असेल तर तो टाक्यांच्या आधी, आणि पातळ. ॲक्रिलिकचा जाड थर बसला की सुई अडते आणि कापडाला भोकं पडतात. फेविकॉल आमच्याकडे फक्त मुलींच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी येतो, कारण तो वाळला की कापड कडक होतं आणि सुई आत जायचं नाव घेत नाही.

पाण्याचा विषय निघालाच आहे. इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ साली आलं, ७० किलोमीटरवरच्या जलूदहून चढवून आणलेलं. आमच्याकडे ते एक दिवसाआड येतं. बोअरिंगचं पाणी जड, त्यात रंगवलेलं कापड मंद दिसतं. म्हणून हिरड्याचा काळा असो की डाळिंबाच्या सालीचा पिवळा, रंगवणं नळाच्या दिवशीच. त्या दिवशी घरातले कपडे धुवायचे नाहीत असा माझा एकतर्फी नियम आहे, आणि त्यावर जाऊबाईंचा कायमचा आक्षेप आहे. रंगपंचमीला तर गच्चीवर काहीच वाळत घालायचं नाही. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, रंग आभाळात जातो आणि तो आपल्या गच्चीवर कुठून उतरेल याचा नेम नसतो.

साड्यांचे पट हे आज आमचं मुख्य काम. ते सुरू झालं एका महेश्वरीमुळे. शेजारच्या काकूंच्या आईची साडी, घड्यांवर विरून उभी फाटलेली, पण किनार शाबूत. महेश्वरीची किनार दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, त्यामुळे साडी उलटसुलट नेसता येते. महेश्वरमध्ये अहिल्याबाईंनी विणकरांना आश्रय दिला तेव्हापासूनची ही कला, आणि इंदूरच्या मराठी घरांत एखादी तरी महेश्वरी सापडतेच. काकूंना ती टाकवत नव्हती आणि नेसताही येत नव्हती. आम्ही फाटलेला भाग खाली मांजरपाट देऊन, एक पदरी दोऱ्यानं, दिसेल न दिसेल अशा टाक्यांत धरला. फाटणं लपवलं नाही. काकूंनी पट देवघरासमोर लावला. त्यानंतर त्यांच्याकडे हळदीकुंकवाला येणारी प्रत्येक बाई जाताना आमचा नंबर घेऊन गेली. जाहिरात म्हणावी तर तेवढीच.

एक काम मात्र मला सविस्तर लिहायचं आहे. साठीचे एक गृहस्थ आले. वडील कापड गिरणीत होते. इंदूरच्या मिलांची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक आहे. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि तिथल्या कामगारांच्या थकलेल्या पैशांचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडलं. यांच्या वडिलांची मिल वेगळी, पण घराची कहाणी त्याच वळणाची. त्यांनी आणलं काय, तर मिलच्या लठ्ठ्याचं एक न शिवलेलं कापड, हजेरीचा पितळी बिल्ला आणि अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झाँकीसमोर, म्हणजे दिव्यांनी सजवलेल्या देखाव्यासमोर, काढलेला कामगारांचा फोटो. मिल बंद झाल्या तरी त्यांच्या झाँक्या अजून निघतात, रात्रभर, आणि सगळं गाव रस्त्यावर असतं.

ते म्हणाले, “काहीही करा, पण बिल्ला झाकू नका.” पितळ कापडाला टेकून राहिलं तर दमटपणात हिरवा डाग पडतो. म्हणून बिल्ल्याखाली आम्ही पारदर्शक पॉलिस्टरचा गोल तुकडा बसवला आणि बिल्ला चार बाजूंनी काज टाक्यांच्या कड्यात अडकवला, म्हणजे कधी काढून हातात घेता येईल. मूळ फोटोला हात लावला नाही, त्याची प्रत सुती कापडावर छापून घेतली. झाँकीच्या दिव्यांसाठी गाठीचे टाके हवे होते. ते काम त्या अबोल बाईंनी मागून घेतलं. त्यांचे सासरेही मिलमधलेच. रात्रीच्या आकाशाला मी निळा रंग काढला होता. त्या म्हणाल्या, “ताई, त्या रात्री आकाश दिसतच नाही, नुसता उजेड असतो.” मग लठ्ठा पांढराच ठेवला. पट मी काढलेल्या चित्रापेक्षा पुष्कळ चांगला झाला. आमच्या मधल्या खोलीत तो काही दिवस लावून ठेवला होता. सासरे रोज त्याच्यासमोर खुर्ची ओढून पेपर वाचायचे.

मधल्या काळात मोठं होण्याच्या संधी आल्या. एका हॉटेलला प्रत्येक खोलीत एक, असे हुबेहूब एकसारखे पट हवे होते. आम्ही हिशेब केला: वेगळी जागा, भाडं, सगळ्या बायकांनी दहा ते सहा येऊन बसायचं. आमच्यातल्या निम्म्या बायका त्या वेळात घराबाहेर पडूच शकत नाहीत. नकार कळवला आणि त्या रात्री नवऱ्याशी माझं चांगलंच वाजलं, कारण आगाऊ रक्कम घसघशीत होती. आजही विषय निघाला की तो म्हणतो, “एक मजला चढला असता.” चढलाही असता. पण काम करणाऱ्या निम्म्या बायका गेल्यावर त्या मजल्यावर बसून भरणार कोण होतं?

दुसऱ्या शहरातल्या एका दुकानात पट विक्रीला ठेवले होते, पैसे यायला इतका उशीर झाला की तेव्हापासून आम्ही थेट गिऱ्हाइकालाच देतो. २०२० च्या टाळेबंदीत कुरिअर बंद, बाजार बंद. मात्र घरोघर लोकांनी कपाटं उपसली आणि दारं उघडल्यावर साड्यांचे फोन सुरू झाले. त्याच सुमारास उद्यम नोंदणीही करून टाकली. थोरली कॉम्प्युटरवर बसली होती, तिनंच केली.

घरातले नियम आता सगळ्यांच्या अंगवळणी पडले आहेत. फोडणी दिलेल्या हातानं पांढऱ्या दोऱ्याला शिवायचं नाही. रात्री सुया मोजून डब्यात, कमी भरली तर लोहचुंबक फिरवायचा, कारण जाऊबाईंचा नातू रांगतो आहे. कचऱ्याच्या गाडीला सहा कप्पे आहेत, इंदूरमध्ये वर्गीकरण न करता कचरा देण्याची सोय नाही, त्यामुळे आमच्या चिंध्या सुक्यात. गाडीवाला दादा त्यातला एखादा चमकता तुकडा उचलून विचारतो, “ये भी फेंक रहे हो, दीदी?” कधी कधी तो तुकडा परत घरात येतो.

साडी पाठवणार असाल तर एवढं सांभाळा. धुऊ नका, इस्त्री करू नका, स्टार्च तर अजिबात नको. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका, जर काळी पडते. प्लास्टिकऐवजी जुन्या धुतलेल्या सुती चादरीत सैल गुंडाळा, नवीन घडी घालू नका. सोबतच्या वस्तू वेगळ्या पाकिटात. साडी कोणाची, कधी नेसायची, हे दोन ओळींत लिहिलंत तर बरं, सासूबाईंना ते वाचल्याशिवाय पहिला टाका घालवत नाही. पट तयार झाल्यावर पश्चिमेच्या उन्हाच्या भिंतीवर लावू नका, हळदीचा रंग सर्वांत आधी उडतो. काच कापडाला टेकणार नाही अशी चौकट आमच्याकडेच करून मिळते. गणपती ते दिवाळी नवीन काम घेत नाही, तेव्हा टेबलावर गौरीचं सामान आणि नंतर चकलीचे सोरे असतात.