हातचा एक

आमचे बाबा बँकेत कॅशियर, हिशोब एका रुपयाने जरी चुकला तरी रात्री नऊपर्यंत बसणारा माणूस, पण 17 जून 1999 ला त्यांनी ताळा न करताच वही मिटली. वर्ल्डकपची सेमीफायनल, एजबॅस्टन, ऑस्ट्रेलियासमोर दक्षिण आफ्रिकेची शेवटची जोडी, शेवटच्या ओव्हरला नऊ हव्या होत्या आणि क्लुसनरने फ्लेमिंगला पहिल्या दोन बॉलवरच दोन फोर हाणले. चार बॉल, एक रन. "झालं," म्हणून बाबा फाटकाला कुलूप लावायला गेले. तिसऱ्या बॉलला डोनाल्ड रनआऊट होता होता वाचला, चौथ्याला क्लुसनर सुसाट सुटला आणि डोनाल्ड आपला बॉलकडे बघत उभा, मग बॅट पडली हातातून, मग ती तशीच टाकून धावला... बाबा आत येतायत तर पिवळे कपडेवाले नाचतायत. 213 ला 213. "टाय ना? मग परत खेळवतील." कुठलं काय, सेमीफायनलच्या आधीच्या सुपर सिक्स फेरीत ऑस्ट्रेलिया वर होती म्हणून तेच फायनलला.

तेव्हापासून आमच्या घरात भारतानंतर आफ्रिका.

लोक त्यांना चोकर्स म्हणतात, म्हणजे ऐनवेळी कच खाणारे, ठीक आहे, पण त्या मॅचला 16 बॉलमध्ये 31 मारणारा क्लुसनर घाबरट कसा असेल? मला वाटतं ह्यांचं गणिताशीच वाकडं आहे. 1992 च्या वर्ल्डकप सेमीफायनलला सिडनीत 13 बॉलमध्ये 22 हव्या होत्या, 12 मिनिटं पाऊस पडला आणि त्यावेळच्या नियमाने बोर्डावर आलं एका बॉलमध्ये 22 (खरं तर 21, पण त्याने काय फरक पडणार होता!). ह्यात त्या बिचाऱ्यांची चूक शून्य. पण 2003 चं काय? डर्बन, घरचा वर्ल्डकप, समोर श्रीलंका, पाऊस येणार हे दिसतंय, मॅच थांबली तर किती लागतील त्या कागदावरून ड्रेसिंगरूममधून निरोप आला की 229 करा, बाउचरने मुरलीला सिक्स मारून बरोब्बर 229 केले आणि पुढचा बॉल शांतपणे अडवला. जिंकायला 230 हव्या होत्या. कागदावरचा आकडा बरोबरीचा होता. यजमानच पंक्तीतून उठले. बाबा म्हणाले, "बेरीज बरोबर आहे रे, हातचा एक विसरले."

2015 च्या वर्ल्डकप सेमीफायनलला ऑकलंडला स्टेनला सिक्स मारून ज्याने बाहेर काढलं तो न्यूझीलंडचा एलियट जन्मला जोहान्सबर्गला, म्हणजे घरचाच भेदी. आणि 2024 ला बार्बाडोसला, टी-20 वर्ल्डकपच्या फायनलला भारताविरुद्ध 30 बॉल 30 रन, क्लासेन पेटलेला, तिथून सात रननी हरले. सूर्याने मिलरचा कॅच घेतला तेव्हा मी सोफ्यावर चढून नाचलो, खोटं कशाला बोलू, पण नंतर त्याचं तोंड बघवत नव्हतं.

मग 2025 चा जून, लॉर्ड्स, टेस्टची फायनल, 282 करायचेत. कॅप्टन बवुमा आदल्या दिवशी दुखऱ्या पायाने लंगडत पळालेला, मार्करम 136 वर गेला तेव्हा फक्त सहा हव्या होत्या आणि हातात पाच विकेट्स. आई चहा घेऊन आली, म्हणाली, "घ्या आता, जिंकलेच."

"तसं म्हणू नकोस," बाबा म्हणाले. कप हातात धरून बसले, घोट नाही घेतला. व्हेरेन्नेने शेवटची रन काढल्यावरही आधी बोर्डावरचा आकडा वाचला, मग गार झालेला चहा एका दमात प्यायले.