ब्रिटिश सरकारी कंत्राट: दिवसाच्या ५०० पौंडांतून हातात काय येतं?

‘डेटा इंजिनियर, ६ महिने, रोज ५०० पौंड, इन्साइड आयआर ३५, एससी आवश्यक.’ ब्रिटनमधल्या सरकारी खात्यांना तात्पुरते तज्ज्ञ हवे असले की एजन्सीची जाहिरात साधारण अशी असते. पुण्या-मुंबईहून आलेली आयटी मंडळी ५०० ला महिन्याच्या दिवसांनी गुणून मोकळी होतात. नजर खिळायला हवी ती शेवटच्या शब्दांवर: आयआर ३५ हा करनियम आणि एससी ही सरकारी सुरक्षा-तपासणी.

आयआर ३५ हा २००० सालचा करनियम. स्वतःची लिमिटेड कंपनी काढून काम करणारा माणूस खरा व्यावसायिक की प्रत्यक्षात नोकरदारच, हे त्यावरून ठरतं. आधी हा निर्णय कंत्राटदारच घ्यायचा. एप्रिल २०१७ पासून सरकारी कामांत तो काम देणाऱ्या खात्याकडे गेला. पण खात्यांनाही तो जमला नाही: कंत्राटदारांचे दर्जे चुकीचे ठरवल्याबद्दल एकट्या कामगार व निवृत्तिवेतन खात्यावर ८ कोटी ७९ लाख पौंडांचा बोजा आला. त्यामुळे आता खाती जपून वागतात आणि दिवसाच्या दरावरची बहुतेक कामं ‘इन्साइड’ ठरवतात. म्हणजे कर नोकरदारासारखा, आणि पगार बहुधा अम्ब्रेला कंपनीमार्फत, म्हणजे कागदोपत्री तुमची मालक बनून कर कापून पगार देणाऱ्या मधल्या कंपनीमार्फत.

जाहिरातीतला दर हा पगार नसतो, हे इथेच कळतं. आठवड्याचे २,५०० पौंड अम्ब्रेलाकडे येतात. त्यातून तिचं शुल्क, समजा २० पौंड. मग मालकाच्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेची सक्तीची वर्गणी), एप्रिल २०२५ पासूनच्या १५ टक्के दराने सुमारे ३१० पौंड, आणि अप्रेंटिसशिप लेव्ही या मालकांवरच्या प्रशिक्षण-कराचे ११. उरतात साधारण २,१६० पौंड, आणि हा तुमचा कर कापण्याआधीचा पगार. तुमचा आयकर आणि तुमच्या वाट्याचा इन्शुरन्स यातून पुढे कापला जातो. पेन्शन धरली तर आकडा आणखी खाली येतो. शिवाय याच २,१६० मध्ये सुमारे २३३ पौंड सुट्टीचा पगार असतो. तो दर आठवड्याला मिळणार की साठवून ठेवणार, हे आधीच विचारा. साठवला आणि सुट्टी न घेताच कंत्राट संपलं, तर तो मागून घ्यायला विसरू नका. घर ते ऑफिस प्रवासखर्चावर करसवलत सहसा मिळत नाही.

सही करण्याआधी एजन्सीकडून ‘की इन्फर्मेशन डॉक्युमेंट’ घ्या. ते देणं तिला बंधनकारक आहे, आणि कापण्यांचं नमुना उदाहरण त्यात असतं. कुणी ‘८५ टक्के हातात’ म्हणालं, तर पैसे कर्ज किंवा ॲडव्हान्स म्हणून दाखवले जात असण्याची दाट शक्यता असते. अशा योजनेतला बुडवलेला कर एचएमआरसी, म्हणजे ब्रिटनचं करखातं, थेट तुमच्याकडून वसूल करू शकते.

व्हिसाची गोष्ट त्याहून नाजूक. स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल, तर प्रायोजक कंपनी सोडून असं कंत्राट धरता येत नाही. त्याच व्हिसावर डिपेंडंट म्हणून आलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला मात्र कामाची जवळपास पूर्ण मुभा असते. घरातला हा पर्याय अनेकांच्या लक्षातच येत नाही.

आता सुरक्षा-तपासणी. सर्वांना लागणाऱ्या बीपीएसएस या प्राथमिक तपासणीत ओळख, कामाचा हक्क, गुन्ह्यांची नोंद आणि मागच्या ३ वर्षांचा नोकरीचा इतिहास पाहतात. त्या काळात सलग ६ महिने किंवा अधिक भारतात राहिला असाल, तर त्याचा हिशेब द्यावा लागतो. पोलिस क्लिअरन्स मागितलं गेलं तर ब्रिटनमधून भारतीय उच्चायोगाकडे अर्ज करा. एससी हा वरचा टप्पा. त्यासाठी साधारण ५ वर्षांचं ब्रिटनमधलं वास्तव्य पाहतात, आर्थिक व्यवहारही तपासतात. एससीसाठी स्वतः अर्ज करता येत नाही, खात्याने किंवा कंत्राटी कंपनीने प्रायोजित करावं लागतं. तपासणीला काही आठवडे सहज लागतात. मंजुरी लेखी हाती येईपर्यंत सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका, कारण तपासणी अडली तर कंत्राट रद्द होतं आणि त्या आठवड्यांचे पैसे कुणीही देत नाही.