तुम्ही विचारलंत म्हणून: थारला स्वस्तातला बंपर कुठला लावू?

पंपावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ताम्हिणीतल्या भज्यांच्या टपरीवर, कुठंही गाडी लावली की कुणीतरी पुढं येऊन उभं राहतं, बंपरवर दोन बोटांनी टकटक करतं आणि विचारतं, "दादा, कितीला पडला? मला पण स्वस्तातला सांगा ना एखादा." दर वेळी घाईत काहीतरी अर्धवट सांगून सुटतो, म्हणून आज एकदाचं लिहूनच टाकतो.

माझी गाडी 2021 ची थार, डिझेल. तिच्यावर आत्ता जो बंपर आहे तो दुसरा. पहिल्याची गोष्ट ऐकलीत तर अर्धं उत्तर त्यातच आहे.

पहिला मी मोबाइलवर फोटो बघून मागवला. साडेनऊ हजार, घरपोच, वर दोन लालभडक शॅकल, म्हणजे गाडी ओढताना साखळी अडकवायच्या लोखंडी कड्या, फुकट. दिसायला असा काही तगडा की बसवल्यावर मी दोन दिवस खिडकीतून खाली वाकून बघत होतो, आणि बायको म्हणाली गाडीला मिशी लावल्यासारखी दिसतेय. मग जूनमध्ये वेल्ह्याच्या बाजूला एका खाचराच्या कडेनं जाताना डावं चाक घसरलं आणि गाडी जी पोटावर बसली ती हलेचना. गावातले एक काका ट्रॅक्टर आणि साखळी घेऊन आले, "हुक कुठाय?" म्हणाले, मी ऐटीत लाल शॅकल दाखवला. काकांनी वाकून मागून बघितलं आणि म्हणाले, "ह्यो तर नुसता पत्र्याला डकवलाय की." मी म्हटलं, ओढा हो तुम्ही, ऑफरोड बंपर आहे. ट्रॅक्टरनं ताण घेतला आणि तेलाच्या डब्याचं झाकण कापावं तसा शॅकलचा कान पत्रा फाडत बाहेर आला. गाडी जागेवर. नशीब की काका हळू ओढत होते. जोरात झटका देऊन ओढलं असतं, त्यातही रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या स्नॅच स्ट्रॅपच्या पट्ट्यानं, तर तोच शॅकल गोळीसारखा कुणाच्या तरी डोक्यात गेला असता. असे जीव गेलेत लोकांचे, थट्टेचा विषय नाहीये हा. शेवटी काकांनी चिखलात आडवं पडून साखळी थेट चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला गुंडाळली आणि पाच मिनिटांत गाडी बाहेर. पैसे घ्यायला तयार नव्हते, वर म्हणाले हे काढून कुंपणाला लावा.

तर मुद्दा हा. असा ऑफरोड बंपर धडकायला नसतो, गाडी अडकली की तिला धरायला असतो. म्हणून दुकानात गेलात की समोरून बघूच नका, समोरून सगळेच देखणे असतात. खाली बसा आणि मागून बघा. चेसिसच्या दोन टोकांना जोडणारे ब्रॅकेट किती जाड आहेत, किती बोल्टवर आहेत, बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा मजबुतीचा आकडा आहे का, की नाक्यावरच्या हार्डवेअर दुकानातले बिनआकड्याचे घातलेत? शॅकलचा कान पत्र्यावर वरून चिकटवलाय की पत्र्याला खाच पाडून आरपार मागं नेऊन थेट ब्रॅकेटला वेल्ड केलाय? हा एकच प्रश्न विचारा, अर्धे बंपर तिथंच बाद होतील. शॅकलवर त्याची क्षमता कोरलेली असते, पाऊण इंची चांगल्या शॅकलवर 4.75 टन लिहिलेलं दिसेल. ज्याच्यावर काहीच लिहिलेलं नाही तो दागिना समजा.

जाडीबद्दल लोक उगाच फुशारक्या मारतात, "आपला पाच एमएमचा आहे" वगैरे. अहो, लोखंडाचा हिशोब सोपाय. एक मीटर बाय एक मीटर, तीन एमएम प्लेटचं वजन साडेतेवीस किलो, पाच एमएमचं 39. पुढच्या कातडीला तीन एमएम भरपूर झालं, नीट बेंड मारलेत तर त्या घड्यांमुळेच ताकद येते. जाडी पाहिजे ती ब्रॅकेटला आणि कानांना. पण तिथली जाडी फोटोत दिसत नाही ना, मग दुकानदार दिसते तिथं वाढवतो.

वजनाचं अजून एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. बंपर पुढच्या चाकांच्याही पुढं लटकतो, म्हणजे तरफच होते. समजा बंपर 40 किलो आणि विंच, म्हणजे दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढणारी मोटर, 40 किलो, हे सगळं पुढच्या ॲक्सलच्या साधारण 70 सेंटीमीटर पुढं आहे, आणि थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 245 सेंटीमीटर. हिशोब केलात तर पुढच्या चाकांवर 80 नाही, जवळपास 103 किलो वाढतात आणि मागचे 23 उचलले जातात. मग पुढचे स्प्रिंग बसतात, अलाइनमेंट हलते, टायर एका बाजूनं खातात, हेडलाइट खाली बघायला लागतो, आणि तुम्ही म्हणता गाडी पहिल्यासारखी राहिली नाही. म्हणजे स्वस्तातल्या बंपरमागं स्प्रिंगचा खर्च येतो, तो आधीच धरा. जिम्नीवाल्यांनी तर दुप्पट विचार करावा, तुमची अख्खी गाडीच बाराशे किलोच्या आसपास.

विंच आत्ता घ्यायचा नसला तरी बंपरमध्ये त्याची जागा आहे का ते बघून ठेवा. बहुतेक विंचच्या चार भोकांचं माप ठरलेलं असतं, 10 इंच बाय साडेचार इंच. ते जुळत नसेल तर उद्या बंपरच बदलावा लागेल. आणि प्रामाणिकपणे सांगू का, एकट्यानं फिरत नसाल तर विंच लागतच नाही. दोन गाड्या, एक चांगला पट्टा, एक फावडं, एवढ्यात आमच्या स्पितीच्या दोन्ही ट्रिप झाल्या. छत्रू ते बाताल त्या दगडांतून बारा-पंधराच्या स्पीडनं जाताना बंपरचा काय उपयोग झाला विचाराल तर काहीच नाही, टायरमध्ये हवा कमी केली त्याचा झाला.

थारचा कंपनीचा अप्रोच अँगल, म्हणजे पुढचं नाक न घासता जेवढ्या चढाला भिडता येतं तो कोन, जवळपास 42 अंश आहे, म्हणजे आधीच भरपूर. असा बंपर लावून तो कमी करून घेणारे लोक मी बघितलेत. कडेचे पंख चाकांच्या पुढं खाली लोंबतायत का ते बघा, लोंबत असतील तर पैसे देऊन गाडी बिघडवताय. मध्ये प्लेटच प्लेट मारून हवेची वाट अडवली असेल तरी नको, मे महिन्यात पूर्ण लोड घेऊन घाट चढताना टेंपरेचरचा काटा आठवण करून देईल.

आता जे ऐकायला कुणालाच आवडत नाही ते. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयानं सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं की गाड्यांवरचे क्रॅश गार्ड, बुल बार, म्हणजे पुढं लावलेले जादाचे लोखंडी दांडे, बेकायदा आहेत, कारवाई करा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकानं परवानगीबाहेर बदल केला तर एकेका बदलाला पाच हजार दंड, वर कैदेचीही तरतूद. कारण उगाच काढलेलं नाही. पुढचा भाग चेपला जाऊन धक्का खावा आणि एअरबॅगच्या सेन्सरला त्या धक्क्याचा अंदाज यावा अशी गाडीची रचना असते, तिथं आडवा लोखंडी पाइप टाकलात की धक्का सरळ चेसिसला जातो आणि एअरबॅग चुकीच्या वेळी उघडेल किंवा उघडणारच नाही. आणि पायी चालणाऱ्याला प्लास्टिकचा बंपर लागणं वेगळं, लोखंडाचा लागणं वेगळं. बंपरच्या वर कमानीसारखा उभा राहणारा तो पाइप म्हणूनच मी लावलेला नाही, लावूही नका, शहरात त्याचा उपयोग फक्त दुसऱ्याच्या पोटात जायला. माझ्या गाडीवर आहे तो दंडाची जोखीम पत्करून आहे, एकदा पावती फाटलीय. इन्शुरन्सला लेखी कळवलंय, तरी क्लेमच्या वेळी काय होईल ते तेव्हाच कळेल. हे सगळं ऐकून ज्याचा उत्साह मावळतो त्याला मी सांगतो की कंपनीचा बंपर तसाच ठेव आणि त्याच्यामागं चेसिसला बोल्टनं बसणारे दोन दणकट रिकव्हरी पॉइंट, म्हणजे ओढायचे हुक, करून घे. दहातल्या आठ जणांना खरं तर एवढंच पाहिजे असतं, फक्त ते फोटोत दिसत नाही.

तरीही बंपरच पाहिजे असेल तर माझा दुसरा कसा झाला ते सांगतो. ऑस्ट्रेलियन एआरबी कंपनीचा वगैरे मनात होता, किंमत बघून मनातच राहिला. मग भोसरीत एक फॅब्रिकेटर गाठला. गाड्यांचं काम करणारा नाही, कारखान्यांच्या मशीनचे बेस बनवणारा. त्यानं आधी पुठ्ठ्याचा बंपर करून गाडीला लावून बघितला, मग लेझर कटिंग, बेंडिंग, सीओटू वेल्डिंग, ब्रॅकेट दहा एमएमचे, पावडर कोटिंगसकट 24 हजार झाले. दिसायला अगदी साधा, पेटीसारखा. पण गेल्या पावसाळ्यात त्याच कानाला धरून दोनदा ओढून काढलीय, रंगसुद्धा उडाला नाही. एक चूक झालीच, खाली पाणी जायला भोकं ठेवायला सांगायचं विसरलो. दापोली-गुहागरच्या चार चकरा झाल्यावर आत साठलेल्या चिखलानं आणि खाऱ्या हवेनं कोपऱ्यातले टाके गंजायला लागले, मग परत काढून ड्रिल मारलं, आतून रेड ऑक्साइडचा गंजरोधक हात दिला. तुम्ही आधीच सांगा.

पैसे कुठं वाचवायचे? एलईडी बारमध्ये, फॉग लॅम्पच्या डिझाइनमध्ये, लोगोत, लाल रंगात. वेल्डिंगमध्ये आणि बोल्टमध्ये वाचवू नका, बोल्ट सगळे मिळून हजारभराचे असतात हो.

आणि काढलेला ओरिजिनल बंपर भंगारात घालू नका, गाडी विकताना किंवा कुणी साहेबानं काढायला लावला तर तोच लागतो. माझा गॅलरीत ठेवलाय, बायकोनं सध्या त्यात कोरफडीच्या कुंड्या लावल्यात आणि तिच्या मते आजवर त्या बंपरचा इतका चांगला उपयोग कुणी केला नव्हता.