काळ्या पाण्याला हौसेनं: परभणीहून अंदमान, एकटीनं

“काळ्या पाण्याला लोकांना बेड्या घालून न्यायचे, अन् तू पैसे भरून चाललीस?” आजीच्या या प्रश्नावर आमच्या घरात पंधरा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हसलं. तोवर नुसता अबोला होता. मी चौतीस वर्षांची, पतसंस्थेत नोकरीला. मार्च एंडचा गोंधळ सुरू व्हायच्या आत फेब्रुवारीत आठवडाभर रजा टाकली होती.

“एकटी बाई, चहूकडं पाणी,” म्हणत काकांनी पाचर मारून पाहिली. आप्पांनी मात्र खरीखुरी पाचर दिली. गावच्या सुताराकडून तासून आणलेली, बाभळीची. “कडी लावलीस की दाराखालून ही ठोकायची. बाहेरून कितीबी ढकललं तरी हलत नाही.” विमानतळावर बॅग मशीनमधून दोनदा गेली. तपासणीवरच्या बाईनं विचारलं, “ये लकडी किसलिए?” मी सांगितलं. तिनं ती हातात तोलून पाहिली, “अच्छी है,” म्हणाली आणि परत ठेवली.

आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी वाट अशी: देवगिरीनं सिकंदराबाद, हैदराबादहून विमान, चेन्नईला बदल, तिथून पुढं दोन-सव्वादोन तास. विमान उतरतं त्या पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर 2024 मध्ये श्री विजय पुरम झालं. हॅवलॉक आणि नील ही बेटं 2018 च्या डिसेंबरपासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप आहेत. पण रिक्षावाला, लॉजवाला, तिकीटवाला यांच्या तोंडी जुनीच नावं आहेत. दोन्ही लक्षात ठेवा, म्हणजे बुकिंग करताना घोळ होत नाही.

आता मुख्य गोष्ट, जी मला निघण्याआधी कुणीच सांगितली नाही. तिथं घड्याळ आपलंच आहे, पण सूर्य आपला नाही. अंदमान आपल्यापासून इतकं पूर्वेला आहे की फेब्रुवारीत साडेपाचच्या आतच सूर्य बुडतो. परभणीत त्या वेळी शाळेतली पोरं मैदानावर खेळत असतात. मी सगळं नियोजन आपल्या उजेडाच्या हिशेबानं केलेलं. हॅवलॉकला दुपारची बोट घेतली, उतरून चहा पीत बसले आणि लॉजकडं निघाले तेव्हा काळोख पडलेला. फोटोत लॉज रस्त्याला लागून दिसत होता. प्रत्यक्षात मुख्य रस्ता सोडून सुपारीच्या बागेतून दहा मिनिटं आत, मध्ये एकही दिवा नाही. खोलीची कडी कोयंड्यात बसेना. मालकाला दाखवलं तर “यहाँ कुछ नहीं होता” म्हणाला. त्या रात्री आप्पांची पाचर ठोकली आणि झोपले. झोपले म्हणजे काय, पडून राहिले. सुपारीचं एक झापं पडलं तरी उठून बसत होते. सकाळी तीन नंबर बीचजवळ, बाजाराच्या रस्त्यावर एका बंगाली कुटुंबाकडं खोली घेतली. पहिल्या लॉजचे पैसे बुडाले ते बुडाले.

म्हणून दुसऱ्या बेटावर नेहमी सकाळच्या बोटीनं जा. पहाटे पाचला चहाची टपरी उघडी असते, तेव्हा लवकर उठायला काही वाटत नाही. आणि खोली ठरवण्याआधी मालकाला फोन करून नेमकं विचारा: जेट्टीपासून किती लांब, मुख्य रस्त्यावर आहे का, रात्री कोण असतं. गोलगोल उत्तर आलं की दुसरीकडं बघा.

बोटीचं सांगायचं तर सरकारी बोट स्वस्त, अडीच तास लागतात. खासगी वेगवान बोट (कॅटामरान) दीड-दोन तासांत पोचवते, पण पैसे बरेच जास्त घेते. मूळ ओळखपत्र दोन्हीकडं लागतं. उलटी होणारीनं गोळी बोट सुटल्यावर नव्हे, अर्धा तास आधी घ्यायची. मी बोट सुटल्यावर घेतली आणि शेजारच्या काकूंच्या साडीवर… असो, त्यांनीच मला लिंबू दिलं. समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात. त्यामुळं परतीच्या विमानाआधीची शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. त्याच दिवशी बोट आणि त्याच दिवशी विमान, हा जुगार एकटीनं खेळू नये.

राधानगर बीचवर सगळे सूर्यास्ताला जातात. 2004 साली टाइम मासिकानं त्याला आशियातला सर्वोत्तम समुद्रकिनारा म्हटलं होतं, आणि ते खोटं नाही. पण सूर्य बुडाला की बाजारापर्यंतचा लांबलचक झाडीतला रस्ता उरतो. जातानाच परतीची रिक्षा ठरवून ठेवा, भाडं बोलून घ्या, चालकाचा नंबर घ्या. स्कूटी भाड्यानं मिळते, दिवसा बिनधास्त चालवा. अंधारात त्या रस्त्यावर मी स्वतः चालवणार नाही. मगरींच्या सूचनांचे फलक असतात, तेही शोभेला लावलेले नाहीत.

लोक कसे आहेत, हे बायका आधी विचारतात. हॅवलॉक-नीलवर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती, हिंदी सगळीकडं चालते. टक लावून बघणं आपल्या बसस्टँडपेक्षा कमीच वाटलं. जे काही नको ते बोलणं ऐकावं लागलं, ते आपल्यासारख्याच पर्यटकांच्या टोळक्याकडून. पाण्यात उतरायला लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा घट्ट टीशर्ट घ्या. ओढणी किंवा सैल कुर्ता लाटेत अंगाभोवती गुंडाळतो, तो लाजेचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

स्कूबाची, म्हणजे पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रात डुबकी मारायची, गोष्ट थोडी लांबवते. मला पोहता येत नाही. गावात पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली, मुटके मारले. आम्ही काठावर त्यांचे कपडे सांभाळले. पण पहिल्यांदा डुबकी मारणाऱ्याला पोहता यावं लागत नाही, प्रशिक्षक शेवटपर्यंत धरून असतो. बाई प्रशिक्षक हवी असेल तर आधी विचारा, मला मिळाली. दम्याचा, कानाचा, हृदयाचा त्रास फॉर्मवर लपवू नका. आणि एक खूण ध्यानात ठेवा: पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘मला वर न्या’. मी खूश होऊन अंगठा दाखवला आणि तिनं मला सरळ वर आणलं. दुसऱ्यांदा खाली गेले तेव्हा प्रवाळांतून बारीक तडतड ऐकू आली. नागपंचमीला कढईत ज्वारीच्या लाह्या फुटतात ना, अगदी तशी. डुबकीनंतर पूर्ण एक दिवस विमानात बसायचं नाही, म्हणून स्कूबा सहलीच्या शेवटी ठेवू नका.

नीलवर सगळं जवळ, गर्दी कमी. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर अशी किनाऱ्यांची नावं. आजीला फोनवर सांगितली तर म्हणाली, “मग रामाचा वनवास तिकडंच झाला म्हण.” नैसर्गिक दगडी पुलापाशी ओहोटीतच जाता येतं, वेळ खोलीवर विचारून घ्या. तळाला पकड असलेली चप्पल हवी.

सेल्युलर जेल पहिल्याच दिवशी उरकू नका, जरा वेळ द्या. 1906 साली बांधून पूर्ण झालेल्या सात भुजांपैकी आज तीन उभ्या आहेत. एका भुजेच्या कोठड्यांची तोंडं दुसरीच्या पाठीकडं, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. सावरकरांच्या कोठडीपुढं मराठी माणसांची रांग होती. मी मात्र कैद्यांना जुंपायचे त्या तेलाच्या कोलूपाशी जास्त वेळ थांबले. आमच्याकडं करडईच्या घाण्याला बैल जुंपायचे, त्यालाही दुपारी सोडत.

घरच्यांशी एक बोली करून निघा. बेटांवर नेटवर्क अधूनमधून जातं, लाइव्ह लोकेशन तिथल्या तिथं अडकतं. आमचं ठरलं होतं: रोज रात्री आठला फोन, नाही लागला तर नऊपर्यंत थांबायचं, मग खोलीच्या मालकाला फोन करायचा. दोनदा लागला नाही. एकदा आप्पांनी पावणेनऊलाच मालकाला उठवलं. बोटींच्या वेळा आणि खोलीमालकांचे फोन नंबर कागदावर लिहून देवघराशेजारी चिकटवले होते. तातडीच्या मदतीचा 112 नंबर चालतो हेही सांगून ठेवा. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा. सॅनिटरी पॅड तुमचे नेहमीचे न्या. आईचे धपाटे तीन दिवस टिकले. चौथ्या दिवशी वास आला, तरी एक खाल्ला.

आजीनं देवघरासाठी शंख मागितला होता. किनाऱ्यावरचे शंख-शिंपले, मेलेलं प्रवाळसुद्धा उचलून आणणं गुन्हा आहे, विमानतळावर बॅगा तपासतात. विकत घ्यायचं तर सरकारी दुकानातून, पावती जपून. मला वेळच उरला नाही. म्हणून औषधाच्या रिकाम्या बाटलीत राधानगरचं पाणी भरलं, पिशवीत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकलं.

आजीनं बाटली खिडकीशी नेली, उजेडात धरली, दोनदा हलवली.

“काळं कुठंय गं हे?”