सूत्रातला ४अक येतो कुठून?

मुलगी यंदा दहावीत आहे. अक्ष² + बक्ष + क = ० या वर्गसमीकरणाचं सूत्र, क्ष = (−ब ± √(ब² − ४अक))/२अ, तिला पाठ होतं, पण ‘हे आलं कुठून ते सांग’ असा तिचा हट्ट. पुस्तकात सिद्धता आहेच. त्यात आधी अ ने भागायचं, मग ब/२अ चा वर्ग मिळवायचा, आणि अपूर्णांकांच्या त्या गर्दीत मूळ कल्पना दिसेनाशी होते. म्हणून आम्ही दोघींनी वही घेऊन जुने भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची वाट धरली. त्यांचा बीजगणिताचा ग्रंथ आज मिळत नाही. भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात त्यांचं नाव घेऊन ही रीत दिली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली. मला याचं फार अप्रूप आहे.

उदाहरण घेतलं २क्ष² + ३क्ष − १ = ०. अवयव पडेनात, कारण गुणाकार −२ आणि बेरीज ३ येईल अशा पूर्णांकांची जोडीच नाही. मग १ उजवीकडे नेला: २क्ष² + ३क्ष = १. आता भागायचं नाही, उलट दोन्ही बाजूंना ४अ ने, म्हणजे ८ ने गुणायचं. १६क्ष² + २४क्ष = ८. दोन्हीकडे ब², म्हणजे ९ मिळवले. डावीकडे (४क्ष + ३)² तयार, उजवीकडे १७.

“आई, सतरा म्हणजे विवेचकच की!”

तेच तर! विवेचक म्हणजे सूत्रात वर्गमुळाखाली असतो तो ब² − ४अक. ९ हा ब², आणि ८ आला −४अक मधून. पुढे वर्गमूळ घेतलं की क्ष = (−३ ± √१७)/४. हेच तिने मग अक्षरांत स्वतः लिहून काढलं: (२अक्ष + ब)² = ब² − ४अक. डावीकडे वर्ग आहे, म्हणून उजवी बाजू ऋण आली तर वास्तव मुळं नाहीत आणि शून्य आली तर दोन्ही मुळं समान, हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

सराव करताना मी दोनच गोष्टींवर अडून बसते. अ, ब, क च्या किमती चिन्हासकट वेगळ्या ओळीत लिहायच्या आणि सूत्रात कंसात घालायच्या. अ धन आणि क ऋण असला की −४अक धन होतो, तिथे घाई नको. आणि शेवटी ताळा: मुळांची बेरीज −ब/अ, गुणाकार क/अ. आमच्या उदाहरणात −३/२ आणि −१/२, दोन्ही जुळले.