राखेनंतरचे काँक्रीट

घर बांधायला काढलेले अनेक जण मला विचारतात की, राख मिसळलेले सिमेंट राहत्या घरात वापरणे धोक्याचे तर नाही ना. औष्णिक वीज केंद्रांतून निघणाऱ्या या राखेत आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, पारा असे घातक धातू अल्प प्रमाणात असतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलेले असते आणि ते खरेही आहे. मात्र काँक्रीट एकदा नीट घट्ट झाले की हे धातू बहुतांशी त्यातच बांधले जातात. खरा धोका आहे तो त्याआधी, उघड्या तळ्यांत साठवलेल्या राखेचा. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा या परिसरांत राहणाऱ्यांना तो वेगळा सांगावा लागत नाही, कारण उन्हाळ्यात तळे सुकून वारा सुटला की राख अंगणात आणि पिकांवर येऊन बसते, तर पावसाळ्यात तिचे पाणी नाल्यांत उतरते. त्यामुळे काँक्रीटमध्ये राख वापरणे चूक आहे असे मी म्हणत नाही. पुढची पन्नास वर्षे आपण तिच्यावरच विसंबून राहावे, हे मात्र मला पटत नाही.

ब्रिटनमधील कोळशावर चालणारे शेवटचे वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले आणि तेथे कोळशाची ताजी देशी राख मिळण्याचा मार्गच संपला. आपल्याकडे कोळसा अजून बराच काळ जळणार आहे, परंतु सिमेंटचा वाटा आणि त्यातून होणारे कार्बन उत्सर्जन कमी करून पर्यावरण सुधारण्यासाठी निवडलेला पदार्थ कोळसा जळत राहण्यावर अवलंबून असावा, यातच मोठी विसंगती आहे. शिवाय राखेतील न जळलेल्या कार्बनचे प्रमाण केंद्रागणिक बदलते आणि राखेच्या काँक्रीटला सुरुवातीची ताकद येण्यास वेळ लागतो.

पर्यायांत सर्वांत आधी नाव निघते ते लोखंड बनवणाऱ्या झोतभट्टीतील मळीचे, म्हणजे स्लॅगचे. भारतीय मानकानुसार मळीयुक्त सिमेंटमध्ये ती ७० टक्क्यांपर्यंत चालते आणि समुद्रकाठच्या बांधकामांसाठी ती उत्तम आहे, पण तीही दुसऱ्या एका कोळसाधारित उद्योगाचेच अवशिष्ट आहे. भंडारा-गोंदियाच्या भातगिरण्यांतील तुसाची राख सिलिकाने समृद्ध असते. अट एवढीच की तूस मर्यादित तापमानाला जाळले पाहिजे. तापमान फार वाढले तर सिलिकाचे स्फटिक बनतात, मग ती राख सिमेंट घट्ट होताना सुटणाऱ्या चुन्याशी नीट संयोग पावत नाही आणि तिची धूळ फुप्फुसांना अपायकारक ठरते.

माझा खरा विश्वास आहे तो भाजलेल्या चिकणमातीवर. केओलिन हे चिनी मातीतील मुख्य खनिज असलेली माती ७०० ते ८५० अंश सेल्सियसला भाजली की तिच्या रचनेत बांधलेले पाणी निघून जाते आणि उरलेला पदार्थ चुन्याशी संयोग पावण्यास सज्ज होतो. सिमेंटचे क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट बनते ते भाजलेले खडे, बनवण्यासाठी सुमारे १४५० अंश तापमान लागते आणि त्यात चुनखडीतील कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडतो. मातीच्या बाबतीत तसे होत नाही, तिच्यातून प्रामुख्याने पाण्याची वाफच जाते. स्वित्झर्लंडच्या लोझान येथील तंत्रशास्त्र संस्थेतील कॅरेन स्क्रिव्हनर, क्यूबातील फर्नांडो मार्तिरेना आणि दिल्ली व मद्रास येथील आयआयटींतील संशोधकांनी याच मातीला न भाजलेल्या चुनखडीची जोड दिली. अर्धे क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम असे ते मिश्रण आहे. मातीतील अॅल्युमिना चुनखडीशी संयोग पावून काँक्रीटमधील सूक्ष्म छिद्रे भरून काढते. त्यामुळे क्लिंकर निम्म्यावर येऊनही सात दिवसांची ताकद साध्या सिमेंटच्या जवळपास पोहोचते, क्षारांचा शिरकाव कमी होतो आणि कार्बन उत्सर्जन ३० ते ४० टक्क्यांनी घटते.

हे आपल्याला अगदीच नवे नाही. जुन्या चुन्याच्या बांधकामांत विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळली जात असे, आणि भाक्रा धरणाच्या काँक्रीटमध्येही भाजलेली माती वापरली गेली होती.

मात्र माती पाहूनच पाऊल टाकावे लागते. आपल्या दख्खनच्या काळ्या मातीत केओलिन नव्हे, तर पाण्याने फुगणारे मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असते, म्हणून ती या कामी फारशी उपयोगाची नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत चिनी मातीचे साठे आहेत, पण त्यासाठी कोकणात नवे डोंगर पोखरावेत असे मी कधीच सुचवणार नाही. सिमेंटसाठी सुमारे ४० टक्के केओलिन असलेली मातीही पुरते, त्यामुळे चालू खाणींत कमी प्रतीची म्हणून बाजूला टाकलेली माती आधी वापरली पाहिजे. कामावरची अडचणही लक्षात ठेवावी. राखेचे गोल कण काँक्रीट सैल ठेवतात, तर भाजलेल्या मातीचे चपटे कण पाणी ओढतात. गवंड्याने वरून पाणी ओतले की ताकद गेली. येथे पाणी न वाढवता योग्य मात्रेत प्लास्टिसायझर (काँक्रीट सैल करणारे रसायन) वापरणे आणि किमान दहा दिवस पाणी मारणे अत्यावश्यक आहे.

भाजलेली माती आणि चुनखडीच्या या सिमेंटसाठी आयएस १८१८९ हे भारतीय मानक २०२३ मध्ये आले आहे, तेव्हा सल्लागार अभियंत्यांनी आणि सार्वजनिक बांधकाम खात्याने आपल्या निविदांत त्याचा उल्लेख करायला सुरुवात करावी. तळ्यांत साचलेली जुनी, ओली राख काँक्रीटला तशीही फारशी चालत नाही. ती विटा, रस्त्यांचे भराव आणि बंद पडलेल्या खाणींच्या भरणीसाठी, खालच्या पाण्याची काळजी घेऊन, उचलली गेली पाहिजे. मातीचे सिमेंट आले म्हणून हे काम मागे पडता कामा नये.