चाळीस लेख, आणि धरण पाच मिनिटांवर

दिवाळीनंतर जरा निवांत होतो म्हणून माझ्या नाशिकवरच्या वेबसाइटसाठी लेख आपोआप लिहून टाकायचा जुगाड केला, म्हणजे शीटमध्ये कीवर्ड (लोक गूगलवर शोधतात ते शब्द) टाकायचे, एआय लेख लिहिणार, मेटा डिस्क्रिप्शनसकट (शोधात लेखाखाली दिसणारा छोटा सारांश) वर्डप्रेसला, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, पाठवणार, मी कॉलेज रोडला चहा पीत बसणार. आठवड्यात चाळीस लेख! भारी वाटलं राव.

मग मामांचा फोन. "अरे, काळाराम मंदिरापासून गंगापूर धरण चालत पाच मिनिटं असं कोणी लिहिलंय रे?" आता पंचवटी कुठं, धरण कुठं, ते तर शहराबाहेर पश्चिमेला. पण एआयने इतक्या ठामपणे लिहिलेलं की क्षणभर मलाच शंका आली.

गूगलने मार्च २०२४ मध्येच नियम कडक केलेत, फक्त रँकिंगसाठी, म्हणजे शोधात वर दिसायला, ढिगाने पानं काढली तर स्पॅम, मग ती एआयने लिहिलेली असोत की माणसाने. हे मी वाचलेलं होतं बरं का, तरी केलं.

आता वर्डप्रेसला जाणाऱ्या रिक्वेस्टमध्ये स्टेटस 'पब्लिश'चं 'ड्राफ्ट' केलंय, एका शब्दाचं काम. आठवड्याला दोनच लेख, आणि अंतरं, वेळा, भाव स्वतः तपासतो. त्या चाळीसातले उरलेले अडतीस अजून उडवतोय, बाविसाव्यात पंचवटीतलं रामकुंड चक्क त्र्यंबकेश्वरला नेऊन ठेवलंय.